चार रंगांचा झेंडा आणि गडद-फिक्याचा कायदा

आमच्या शेठजींनी एका इराणी पाहुण्याला अरब म्हटलं आणि त्यापायी मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी नापास झालो. या दोन गोष्टींच्या मध्ये बरंच काही घडलं. ते सगळं सांगतो, कारण ते सांगायला मिळावं म्हणूनच मी बहुतेक नापास झालो असेन.

मी सुरतजवळ पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये डाइंग मास्टर आहे. म्हणजे कापडाला रंग देणाऱ्यांचा म्होरक्या. आमच्याकडून आखाती देशांत बुरख्याचं कापड जातं, सगळं काळं. काळा म्हणजे काळाच, त्यात काय एवढं, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही सुखी माणूस आहात. एक काळा उन्हात धरला की लालसर मारतो, एक हिरवट मारतो, एक निळ्याकडे झुकतो. आणि तिकडच्या गिऱ्हाइकाला हे सगळं सुरतच्या ट्यूबलाइटखालीसुद्धा दिसतं.

तर तो इराणी व्यापारी आला होता. बरीच वर्षं हिंदुस्थानात येऊन-जाऊन छान हिंदी शिकलेला. शेठजींनी खमण मागवलं, चहा मागवला, आणि माल पसंत पडल्याच्या आनंदात छातीवर हात ठेवून म्हणाले, "हम अरब लोगों की बहुत इज्जत करते हैं।"

पाहुण्याने कप बशीत ठेवला. "बहुत अच्छी बात है," तो म्हणाला. "कोई अरब मिलेगा तो बता दूँगा।"

तो गेल्यावर शेठजींनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मास्टर, मैंने क्या गलत बोला?"

"शेठ, वो इरान का है।"

"तो?"

इराण वेगळा, अरब वेगळे, एवढं एक वाक्य माझ्याजवळ होतं आणि ते संपलं होतं. तीस वर्षं मी त्या माणसांच्या अंगावरचा काळा रंग तयार करतोय, आणि ती कोण, कुठली, कशावरून भांडतात, कशावरून एक होतात, याची मला दमडीची कल्पना नव्हती. चहाच्या टपरीवर मात्र पश्चिम आशियाचा प्रश्न मी आठवड्यातून दोनदा तरी सोडवत असे.

त्याच सुमारास तापीच्या अलीकडच्या एका कॉलेजच्या फाटकावर बोर्ड दिसला: अरब आणि मुस्लिम समाजांचा आधुनिक इतिहास व राजकारण, संध्याकाळचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, वयाची अट नाही. शेवटचे तीन शब्द खास माझ्यासाठी लिहिले होते. मी मोटरसायकल तिथेच लावली आणि नाव घालून घरी आलो.

आम्ही खानदेशचे. उधन्यात राहतो, पण घरात बोली अजून तिकडचीच. बायको भाकरी थापता थापता थांबली. "आते या वयमा परीक्षा?"

"सर्टिफिकेट मिळतं."

"तुमले सर्टिफिकेट कसाले पाहिजे? रंग पक्का बसस तेवढं पुरे नही का?" मग जरा विचार करून म्हणाली, "पास व्हा. मांडे करसू."

आता खापरावरचे मांडे ही आमच्याकडे लहानसहान गोष्ट नाही. बायकोने ते लेकीच्या लग्नानंतर केलेच नव्हते. मी लगेच वही घेतली.

सोसायटीत बातमी फुटायला वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ, स्वभावाने भले पण चौकश्यांचा भारी नाद, जिन्यात आडवे आले. "काय मास्टर, एवढा आपला इतिहास पडलाय, तो सोडून हे? पार्टी बदलली की काय?"

"अहो, मी अजून पहिल्या धड्यात आहे," मी म्हटलं. "पार्ट्या नवव्या धड्यापासून आहेत."

वर्गात आम्ही सात जण होतो आणि शिकवायला एक मॅडम. रांदेरच्या. वय माझ्या लेकीएवढं, बोलणं गुजरातीत, मधे हिंदी, रागावल्या की इंग्रजी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पुढच्या बाकावर बसवलं. "काका, तमे अहीं बेसो. मागे बसलात तर नाटक कराल." मला त्या अर्ध्या तासापासून ओळखत होत्या.

आणि पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला खरं काय ते सांगून टाकलं. हा अभ्यासक्रम चाचणीचा होता. कॉलेजने दोन अटी घातल्या होत्या: वर्षअखेरीला बाहेरून येणाऱ्या परीक्षकाने चांगला अहवाल द्यायला हवा, आणि पुढच्या वर्षी निदान दहा विद्यार्थी हवेत. दोन्ही झालं तर कोर्स चालू, नाहीतर बंद. मॅडमची नोकरी कोर्सबरोबरच कंत्राटावर.

"बंद झाला तर?" कोणीतरी विचारलं.

"तर भावाच्या बेकरीत बसेन आणि नानखटाईला पश्चिम आशिया शिकवीन," त्या हसून म्हणाल्या. पण हसताना खडू हातात जरा जास्तच घट्ट धरला होता.

मला तो विषय असा लागला, की काय सांगू. जुनं तुर्की साम्राज्य मोडल्यावर इंग्रज-फ्रेंचांनी नकाशावर कशा रेघा ओढल्या ते मॅडम सांगत होत्या, आणि मला आमचा कटिंग मास्टर दिसत होता. पट्टी ठेवली, खडू ओढला, कात्री चालवली, आणि मधली नक्षी कुठे तुटली ते गिऱ्हाईक बघेल. तुर्कस्तानच्या नव्या राजवटीने जुनी लाल टोपी कायद्याने बंद केली, हे ऐकून तर मी बाकावरून उठलोच. "मॅडम, मग त्या टोपीचं कापड रंगवणाऱ्यांचं काय झालं?"

"ते तुम्ही शोधा," मॅडम म्हणाल्या. "पुस्तकाचं नाव आणि पान सांगा."

कारण त्यांचा एकच नियम होता. कोणतंही वाक्य म्हणा, त्या लगेच विचारायच्या, "कोणे कह्युं?" कोणी म्हटलं हे? कुठे लिहिलंय? टपरीवर, टीव्हीवर, मोबाइलवर ऐकलेलं चालत नसे. "सगळे अरब असेच," असं कोणी म्हटलं की, "कोणे कह्युं?" "तेलाच्या आधी तिकडे काहीच नव्हतं," "कोणे कह्युं?" सुएझ कालव्यावर मी एकदा असं काही भाषण ठोकलं की मागच्या बाकाने टाळ्या वाजवल्या. मॅडम टाळ्या संपेपर्यंत थांबल्या आणि मग तोच प्रश्न. माझ्या भाषणातली तीन वाक्यं उरली. त्यातलं एक "धन्यवाद" होतं.

वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने परीक्षकासमोर पंधरा मिनिटं एक विषय मांडायचा होता. मी विषय घेतला झेंड्याचा. पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्ध अरबांनी बंड केलं, तेव्हा चार रंगांचा एक झेंडा झाला: काळा, हिरवा, पांढरा आणि लाल. काळा अब्बासी घराण्याचा म्हणतात, पांढरा उमय्यांचा, हिरवा फातिमींचा, लाल त्या बंडाच्या पुढाऱ्यांच्या घराण्याचा. तो झेंडा एका इंग्रज अधिकाऱ्याने आखला असंही बरेच जण सांगतात. आज तिकडच्या कितीतरी देशांच्या झेंड्यांत हेच चार रंग नुसते जागा बदलून बसलेले आहेत. रंगाऱ्याने दुसरा कुठला विषय घ्यावा?

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "काका, परीक्षक कडक आहेत. बडोद्याचे. तुम्ही साधं बोला. प्लीज."

"मॅडम, अगदी साधं."

घरी येताना मी ठरवलं की खराखुरा झेंडा न्यायचा.

कागदावरचं चित्र काय, कोणीही नेईल. मी जॉर्डनचा झेंडा निवडला: वर काळा पट्टा, मधे पांढरा, खाली हिरवा, एका बाजूला लाल त्रिकोण, त्रिकोणात पांढरी चांदणी. मिलच्या लॅबमध्ये पट्टे स्वतः रंगवले. काळा तर असा बसला होता की त्या इराणी पाहुण्याने कप खाली ठेवून सलाम केला असता. चांदणी सात टोकांची असते. ती मी पांढऱ्या कागदाची कापली आणि जागेवर सर्वांसमोर चिकटवायची म्हणून वेगळी ठेवली. नाट्य हवं ना थोडं.

शिलाईसाठी पट्टे दिले बमरोलीच्या वहिनींकडे. आमच्याच गावाकडच्या त्या. घरी बसून साड्यांना लेस लावतात, हात असा की टाका दिसत नाही. सोबत चित्राची झेरॉक्स दिली. रंगीत झेरॉक्स काढायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. पट्टे तर रंगीत दिलेच होते.

"हाऊ कोना झेंडा शे, दादा?" वहिनींनी विचारलं.

"जॉर्डनचा."

"आपला मार्केटमा उघडी राहिना का तो?"

"नाही हो वहिनी, दुकान नाही, देश आहे."

तिसऱ्या दिवशी झेंडा आला. इस्त्री केलेला, साडीसारखा घडी घातलेला, टाचण्या लावून प्लास्टिकच्या पिशवीत बंद. आता आमच्या धंद्याची एक रीत आहे. पॅक झालेला माल मधे कोणी उघडत नाही. उघडलेली पिशवी म्हणजे गिऱ्हाइकाच्या दृष्टीने कोणीतरी हाताळलेला माल. माल उघडायचा तो गादीवर, गिऱ्हाइकासमोर, एका झटक्यात, असा की पदर थेट त्याच्या पायाशी जाऊन पडावा. मी पिशवीवरून हात फिरवला, वरच्या घडीचा काळा बघून समाधान पावलो, आणि ती तशीच ठेवून दिली.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक आले. पांढरी मिशी, सुती झब्बा, बडोद्याचं जुनं स्वच्छ मराठी. आमच्यातल्या पहिल्या सहा जणांना त्यांनी शांतपणे ऐकलं आणि शांतपणेच सोललं. मॅडम भिंतीपाशी उभ्या होत्या. परीक्षकाचं पेन कागदावर टेकलं की यांचा श्वास थांबायचा, उचललं की सुटायचा.

मग मी.

रंग सांगितले, घराणी सांगितली, पुस्तकांची नावं आणि पानं सांगितली. मॅडमच्या चेहऱ्यावर जरा रंग परतला. तिथेच थांबलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मी पिशवी उचलली, टाचण्या काढल्या, "आणि आता पाहा, या रंगांतून उभा राहिलेला एक देश!" असं म्हणून तो झटका दिला.

झेंडा उघडला. सुंदर उघडला. वर काळा, मधे हिरवा, खाली पांढरा.

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. माझ्या उजव्या हातात सात टोकांची चांदणी, आणि समोर असा झेंडा, जो जॉर्डनचा तर नाहीच, कुठल्याच देशाचा दिसत नव्हता.

"हा कुठला देश?" परीक्षकांनी विचारलं.

मी मॅडमकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बेकरी दिसत असावी.

आणि मग, खरं सांगतो, डोक्यात कुठेतरी एक पान उलटलं. मॅडमनी एका तासाला सांगितलं होतं की बंडाच्या मूळ झेंड्यात पट्ट्यांचा क्रम निराळा होता. काळा, हिरवा, पांढरा. पांढरा मधे आला तो नंतर. माझा चेहरा उजळला. चांदणी मी हळूच खिशात सरकवली.

"सर, हा देश नाही," मी आवाज खाली आणला. "देश व्हायच्या आधीची ही आशा आहे. शंभरहून जास्त वर्षांपूर्वीचा हा बंडाचा मूळ झेंडा."

"अस्सं. मुद्दाम हाच आणलात?"

"हो सर."

"मग खिशात काय घातलंत?"

खाली पाहिलं तर चांदणीची दोन टोकं खिशातून डोकावत होती. मागचा बाक हसून फुटला. मी चांदणी बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली.

"सर, हा जॉर्डनचा झेंडा व्हायचा होता."

"मग असा कसा झाला?"

त्या क्षणी मला ते लख्ख दिसलं. "सर, आमच्या साडीबाजारात एका डिझाइनचे सगळे रंग एका गठ्ठ्यात लावतात तेव्हा कायदा ठरलेला असतो. गडद वर, फिका खाली. काळा, हिरवा, पांढरा. ज्यांनी हा शिवला त्यांच्या हाताला वीस वर्षं तीच सवय. मी चित्र दिलं होतं, पण ते झेरॉक्सचं. आणि पॅक माल मी उघडला नाही, कारण तोही कायदाच आहे."

परीक्षक हसले. आधी मिशीत, मग चष्मा काढून. "म्हणजे सुरतच्या बाजाराने अरबांचं बंड पुन्हा उभं केलं म्हणा की!" मॅडमकडे पाहिलं तर त्याही ओठ दाबत होत्या. वारं फिरलं होतं. पेन कागदावर भराभर चाललं होतं.

"बरं, मला सांगा," परीक्षक पुढे झुकले. "पुढे त्यांनी पांढरा मधे का आणला असेल?"

हे म्हणजे माझ्या अंगणात चेंडू टाकणं होतं. "सर, साधं आहे. काळ्याला लागून हिरवा ठेवला की लांबून दोन्ही एकच दिसतात. मधे पांढरा घातला की दोन्ही उघडतात. युद्धात झेंडा लांबूनच बघायचा असतो. कोणीतरी रंगाची नजर असलेल्या माणसाने ते बदललं."

परीक्षकांनी मान डोलावली. मागून "वाह" आलं. खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं की आता नुसतं गप्प बसायचं, की अहवाल चांगला, अर्धी लढाई जिंकली.

भिंतीपाशी घसा साफ केल्याचा आवाज आला.

"कोणे कह्युं?" मॅडमनी विचारलं.

मी वळलो. त्यांचा आवाज किंचित कापत होता, पण प्रश्न जागचा हलला नाही.

"मी कह्युं, मॅडम," मी म्हटलं.

"तमे त्यां हता?"

"नाही, तिथे नव्हतो."

"कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं. म्हणजे, मला माहीत नाही."

"तर हा अंदाज आहे, काका. चांगला आहे. पण इतिहास म्हणून सांगू नका."

परीक्षक कधी माझ्याकडे, कधी त्यांच्याकडे बघत होते. मग त्यांनी पेन उचललं, काहीतरी एकच ओळ लिहिली आणि कागद उलटा ठेवला. माझं काय, मांडे गेले तर गेले. पण या पोरीने स्वतःच्या हाताने स्वतःची नोकरी पणाला लावली होती, तीही माझ्या झटक्यापायी.

संध्याकाळी झेंडा घेऊन मी बमरोलीला गेलो. वहिनींना चित्र दाखवलं, झेंडा दाखवला. त्यांनी दोन्ही नीट पाहिलं आणि माझ्याकडेच कीव करून बघितलं.

"झेराक्सवालाले काय समजस, दादा? त्यानी धवया मझार टाकेल व्हता. मी सुधारी दिन्हं. आपला मार्केटमा रंग असाच लावतस ना!"

म्हणजे मधला पांढरा पट्टा त्यांना झेरॉक्सवाल्याची चूक वाटला होता. मी चहा प्यालो आणि झेंडा तसाच ठेवून घेतला.

अहवाल उन्हाळ्यात आला. मॅडमनी फोनवर वाचून दाखवला. बरंच रूक्ष होतं, आणि शेवटी ती एक ओळ: या वर्गात शिक्षिका स्वतःच्या विद्यार्थ्याचं चांगलं वाक्यसुद्धा पुराव्याशिवाय जाऊ देत नाहीत, सबब अभ्यासक्रम चालू ठेवावा. मी फोनवरच ओरडलो. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं मी पास झालो.

पण दुसरी अट उरली होती. दहा विद्यार्थी. मॅडमनी पत्रकं वाटली, आम्ही सगळे फिरलो. मी शेठजींना गळ घातली. ते म्हणाले, "मास्टर, मी आता कोणालाच काही म्हणत नाही, नुसता चहा पाजतो." खालच्या मजल्यावरचे गृहस्थ मात्र, तुम्हाला खरं वाटणार नाही, नाव घालून आले. "नवव्या धड्यापर्यंत बसून बघतो," म्हणाले. नाव घालायच्या शेवटच्या दिवशी सकाळी नऊ जण झाले. दहावा काही केल्या मिळेना.

त्याच दुपारी आमचा निकाल लागला. सहा पास. सातव्यापुढे मॅडमच्या अक्षरात लिहिलं होतं: सादरीकरणात पुराव्याविना विधान, अभ्यासक्रम पुन्हा करावा. सातवा मी.

मी नोटीस बोर्डासमोर उभा राहिलो. दोनदा वाचलं. मग हळूहळू, पांढऱ्या कापडावर रंग चढावा तसं एकेक ध्यानात यायला लागलं. अभ्यासक्रम पुन्हा करणारा विद्यार्थी हा विद्यार्थीच. नऊ आणि एक. मी ऑफिसच्या खिडकीशी गेलो, फी भरली, कारकुनाने माझं नाव दहावं म्हणून लिहून घेतलं, आणि मग मी जिना चढून वर गेलो.

मॅडम रिकाम्या वर्गात फळा पुसत होत्या.

"मला नापास केलंत," मी म्हटलं.

"हो काका."

"दहा पुरे व्हावेत म्हणून."

त्या वळल्या. चेहरा अगदी सरळ. नाटक मी एकटाच करतो असं मला वर्षभर वाटत आलं होतं.

"कोणे कह्युं?" त्या म्हणाल्या.

बायकोने मांडे केले नाहीत. "पास व्हा मंग देखसू," एवढंच म्हणाली. यंदा मी पुन्हा पुढच्या बाकावर आहे, शेजारी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ. झेंडा घरी दिवाणखान्यात लावलाय, वहिनींनी शिवला तसाच. पांढरा मधे कोणी आणि का आणला याचा पुरावा अजून सापडलेला नाही. मॅडमनी मला नापास का केलं याचाही नाही. दोन्ही शोधतोय.